फोनवरचं पेमेंट सांभाळायचं कसं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

ज्यांनी आत्ताआत्ताच जीपे, फोनपे किंवा भीम टाकलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी जे आईबाबांच्या, सासूबाईंच्या फोनमध्ये हे सगळं सेट करून देतात आणि मग ऑफिसला निघून जातात. सेट करून देणं सोपं आहे, थोड्या वेळाचं काम, पण त्यानंतर दिवसभर ते माणूस त्या फोनबरोबर घरी एकटं असतं आणि नेमके तेव्हाच फसवणाऱ्यांचे फोन येतात. म्हणून ॲप टाकून देण्याबरोबर खालचं सगळं एकदा शांत बसून करून द्या, रविवारची दुपार घ्या हवी तर.

या सगळ्या ॲपमागे पैसे इकडून तिकडे नेणारी जी एकच सिस्टीम आहे ती म्हणजे यूपीआय. ते २०१६ मध्ये आलं, ते चालवणारी एनपीसीआय ही संस्था आपल्या मुंबईतलीच, आणि आता वडापाववाल्यापासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत सगळं स्कॅन करूनच चालतं. सिस्टीम तशी कच्ची नाही. तुमचं सिम, तुमचा फोन आणि तुमचा पिन असं सगळं जुळल्याशिवाय साधारणपणे पैसे हलत नाहीत. त्यामुळे चोरटे सिस्टीम फोडायच्या भानगडीत फारसे पडत नाहीत, यातली एकेक गोष्ट तुमच्याकडून काढून घेतात किंवा सरळ तुमच्याच हाताने पिन टाकून घेतात. आणि माझं ठाम मत आधीच सांगून टाकतो, माणूस कितीही सावध असला तरी एखाद्या दिवशी घाईत, तापात, अर्धवट झोपेत चूक होऊ शकते, तेव्हा आधी अशी व्यवस्था करायची की चूक झाली तरी जाणारी रक्कम छोटी असेल. सावध राहायच्या गोष्टी त्याच्यानंतर.

पहिलं काम: खातं वेगळं करा

बहुतेक लोक काय करतात, ज्या खात्यात पगार येतो, पेन्शन येते, ज्याच्यावर एफडी आहेत तेच खातं यूपीआयला जोडतात. का, तर तेच एक खातं असतं. बाजारात भाजी आणायला जाताना आपण घरातलं सगळं सोनं अंगावर घालून जात नाही, मग खिशातल्या फोनला आयुष्याची कमाई का जोडायची? दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं उघडा. मिनिमम बॅलन्सची भीती वाटत असेल तर बँकेत बेसिक सेव्हिंग्ज खातं मागा, त्यात मिनिमम बॅलन्स ठेवावा लागत नाही, फक्त ज्या बँकेत ते उघडाल तिथे तुमचं दुसरं बचत खातं असून चालत नाही, म्हणून वेगळी बँक बघा. यूपीआयला फक्त हे नवीन खातं जोडायचं आणि मोठं खातं ॲपमधून काढून टाकायचं. आठवड्याला लागतील तेवढेच पैसे मोठ्या खात्यातून इकडे टाकायचे. कुणाला तीन हजार लागतील कुणाला दहा, तुमचं तुम्ही ठरवा.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एफडी केली म्हणजे पैसे कुलपात गेले असं नाही, नेटबँकिंग चालू असेल तर बऱ्याच बँकांमध्ये एफडी ऑनलाईन मोडता येते, मोडलेले पैसे त्याच बचत खात्यात येतात आणि तिथून पुढे जातात. त्यामुळे वयस्कर माणसांच्या मोठ्या खात्याला नेटबँकिंग खरंच लागतं का ते बघा. नुसतं बघायची सोय पुरत असेल तर शाखेत जाऊन व्यवहाराची सोय बंद करून घ्या. शाखेत रांग असते, मान्य आहे, पण हे एकदाच करायचंय.

मग लिमिट. यूपीआयची साधारण मर्यादा दिवसाला एक लाख रुपये आहे आणि एवढी बहुतेकांना कधीच लागत नाही. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये ती कमी करायची सोय असते, पाच हजारावर आणून ठेवा, कधी जास्त लागलं तर त्या दिवशी वाढवता येतं.

आणि यूपीआय लाईट चालू करा. यात एकावेळी एक हजारापर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं आणि त्यात जास्तीत जास्त पाच हजार ठेवता येतात. पिनशिवाय म्हटल्यावर लोक दचकतात, पण विचार करा, दादरच्या भाजी मार्केटमध्ये खांद्याला खांदा लागलेला असताना चाळीस रुपयांच्या मेथीसाठी पिन दाबायचा आणि मागच्याने तो बघायचा हे जास्त धोक्याचं. लाईटमध्ये हजारभर ठेवा. कुणी फोन उघडा असताना मारलाच तर लाईटमधून तेवढेच जातील.

दुसरं काम: फोन आणि सिम

मुंबईत फोन जाणं म्हणजे नुसता फोन जाणं नाही. फटका गँग माहीतच असेल, लोकल स्लो झाली की रुळाच्या बाजूला उभा असलेला दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारतो, फोन खाली आणि गाडी पुढे. त्या क्षणी फोन अनलॉक असतो, कारण तुम्ही काहीतरी बघत असता. पूर्वी चोराला फोन विकायचा असायचा, आता आत काय उघडं आहे ते तो आधी बघतो.

म्हणून ॲन्ड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये जाऊन थेफ्ट प्रोटेक्शन शोधा. यातलं थेफ्ट डिटेक्शन लॉक फोन झटक्याने हिसकावून कुणी पळालं की ते ओळखून स्क्रीन लॉक करायचा प्रयत्न करतं, आणि रिमोट लॉकमुळे दुसऱ्या कुणाच्या फोनवरून फक्त आपला नंबर टाकून आपला फोन लॉक करता येतो. आयफोनवाल्यांना स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन आहे, ते चालू करा. दोन्ही फुकट आहेत आणि बऱ्याच जणांनी ती चालूच केलेली नसतात. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आजच बघून घ्या, खरंच.

फोनचा लॉक सहा आकडी ठेवा. यूपीआय पिन वेगळा, एटीएम पिन वेगळा, फोनचा वेगळा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. पेमेंट ॲपला वेगळा लॉक लावा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसत असेल तर तो लपवा, नाहीतर फोन लॉक असला तरी ओटीपी वर झळकतो आणि कुणीही वाचतो. सिमलाही पिन लावता येतो, म्हणजे चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय चालू होत नाही. फक्त आधी मोबाईल कंपनीचा मूळचा पिन कोणता ते विचारून घ्या, अंदाजाने टाकत बसलात आणि तीनदा चुकलात तर सिम अडकतं आणि मग ते उघडायला कंपनीकडून पीयूके नंबर मागावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोनच्या कव्हरमध्ये डेबिट कार्ड ठेवू नका! लोकलमध्ये दहा जणांकडे बघा, तीन-चार जणांच्या कव्हरमागे पास, एक शंभराची नोट आणि डेबिट कार्ड असतं. यूपीआयचा पिन विसरलो तर नवीन कसा लावतात आठवा, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, एक्स्पायरी आणि त्याच फोनवर आलेला ओटीपी. म्हणजे उघडा फोन आणि कव्हरमधलं कार्ड एकत्र हाती लागलं की तुमचा जुना पिन चोराला माहीत असायची गरजच उरत नाही, तो नवीन लावू शकतो. आधार नंबर वापरूनही पिन लावता येतो, त्यामुळे आधारची झेरॉक्स कव्हरमध्ये नको आणि त्याचा फोटो गॅलरीतही नको. कार्ड वेगळ्या पाकिटात, वेगळ्या खिशात. या एका सवयीने जेवढं वाचतं तेवढं कुठल्याही ॲपने वाचत नाही असं मला वाटतं.

फोन रिपेअरला देतानाही तेच. डिस्प्ले बदलायला दुकानदाराला तुमचा पासवर्ड लागत नाही, लागलाच तर समोर उभे राहून स्वतः टाका, आणि फोन ठेवूनच यायचा असेल तर सिम काढून घ्या आणि पेमेंट ॲप उडवून टाका.

ईमेलचं थोडक्यात. कार्डाची स्टेटमेंट्स, पासवर्ड बदलायच्या लिंक सगळं ईमेलवर येतं, तेव्हा त्याला टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारं कुलूप, लावा आणि त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका.

तिसरं काम: कार्ड आणि आपोआप कटणारे पैसे

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू होऊन येतं. ऑनलाईन, परदेशी आणि टॅप करून पेमेंट ही बटणं तुम्ही स्वतः चालू करायची. पण होतं काय की एकदा काहीतरी घ्यायला चालू केलेलं बटण तसंच राहतं वर्षानुवर्षं. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंग उघडा आणि परदेशी व्यवहार आधी बंद करा. कारण असं आहे की आपल्याकडच्या साईटवर ओटीपी लागतो पण परदेशातल्या बऱ्याच साईट ओटीपी मागतच नाहीत, कार्डाचा नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही म्हणजे कार्डामागचे तीन आकडे मिळाले की झालं. रात्री झोपेत डॉलरमध्ये पैसे कटल्याचे मेसेज येतात ते बहुतेक वेळा असेच. परदेशी जाताना किंवा बाहेरच्या साईटवरून काही घेताना पाच मिनिटं चालू करा, काम झालं की बंद. टॅप करून पाच हजारापर्यंत पिनशिवाय जातात, ते वापरत नसाल तर तेही बंद करा किंवा लिमिट खाली आणा. मागचा सीव्हीव्ही कुठेतरी लक्षात राहील असा लिहून ठेवा आणि कार्डावर छोटा स्टिकर लावा. हॉटेलात वेटर कार्ड आत घेऊन गेला तरी मग फारसं काही हाती लागत नाही, पण मुळात आत नेऊ देऊ नका, मशीन टेबलावर मागवा.

१ ऑक्टोबर २०२२ पासून शॉपिंग साईटना तुमच्या कार्डाचा खरा नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या नंबरच्या जागी दुसराच एक कोड असतो. त्यामुळे नावाजलेल्या ठिकाणी कार्ड सेव्ह करणं पूर्वीइतकं वाईट राहिलेलं नाही. नको तिथली टोकन बँकेच्या ॲपमधून काढता येतात.

ऑटोपे हा वेगळाच विषय आहे आणि नवीन लोक इथे फार फसतात. एखादं ॲप एक रुपयात सात दिवस ट्रायल म्हणतं, तुम्ही पिन टाकता, त्या पिनने एक रुपया तर जातोच पण दर महिन्याला पैसे कापायची परवानगीही जाते. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर किती रकमेपर्यंत, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत असं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा. एकदा परवानगी दिली की साधारण पंधरा हजारापर्यंतची पुढची कपात पुन्हा न विचारता होऊ शकते, मात्र २४ तास आधी कळवणं बंधनकारक आहे. हा मेसेज जाहिरात समजून लोक पुसून टाकतात. तो आला की वाचा आणि नको असेल तर तेव्हाच ॲपच्या ऑटोपे भागात जाऊन रद्द करा. ॲप नुसतं अनइन्स्टॉल केलं म्हणजे ऑटोपे बंद होत नाही.

बँकेत मोबाईल नंबर जुना असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, मेसेज दुसऱ्याच कुणाला जातील. नंबर आणि ईमेल दोन्ही अपडेट करून घ्या, दोन्हीकडे अलर्ट चालू ठेवा.

रोजच्या वापरात काय बघायचं

पैसे घेताना पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. पाठ करून ठेवा आणि घरात सगळ्यांना पाठ करायला लावा. जुना सोफा विकायला ऑनलाईन टाकला की पहिला फोन येतो तो बहुतेक वेळा गोड बोलणारा, भाव न करणारा, बदली झालीय लगेच हवाय म्हणणारा, आणि मग तो क्यूआर पाठवतो की हा स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात ॲडव्हान्स येईल. पिन टाकलात की पैसे तुमच्याकडून त्याच्याकडे. माणसाने माणसाला पैशाची रिक्वेस्ट पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, त्यामुळे तो एक प्रकार कमी झाला, पण दुकानदाराच्या नावाने रिक्वेस्ट अजून येऊ शकते, तेव्हा आपण काही मागवलेलं नसताना आली तर नाकारायची.

स्कॅन केल्यावर नाव बघा. आता ॲपमध्ये बँकेच्या रेकॉर्डमधलं खरं नाव दाखवावं लागतं, फोनमध्ये तुम्ही काय सेव्ह केलंय ते नाही. ठेल्यावरच्या क्यूआरवर रात्रीतून दुसरा स्टिकर चिकटवायचे प्रकार होतात, म्हणून 'दादा, कुणाचं नाव येतंय बघा' एवढं विचारायला लाजू नका, त्याचाही फायदाच आहे. आणि दुकान तुमचं असेल तर गिऱ्हाईकाच्या मोबाईलवरचा हिरवा टिकमार्क मानू नका, तो खोट्या ॲपनेही येतो, आपल्या खात्यात जमा झाल्याचं बघा किंवा स्पीकर बोलला का ते ऐका.

'चुकून तुमच्याकडे पाच हजार आले, परत पाठवा ना ताई, हॉस्पिटलात आहे' असा फोन आला तर मेसेजवर विश्वास ठेवू नका, आधी खात्यातला बॅलन्स बघा. बहुतेक वेळा आलेलेच नसतात. खरंच आले असतील तर त्याला सांगा की तुझ्या बँकेत तक्रार कर, बँक परत घेईल. तो देईल त्या तिसऱ्याच नंबरवर पाठवायचे नाहीत, कारण आलेले पैसे दुसऱ्या कुणाला लुबाडून आलेले असू शकतात आणि मग पोलिसांच्या यादीत तुमचं खातं येतं.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. कार्डाच्या मागे असतो तो किंवा ॲपमध्ये असतो तो, बाकी कुठलाच नाही. बँकेच्या वेबसाईटचा पत्ता आता डॉट बँक डॉट इन ने संपायला हवा, तसं रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना करायला लावलंय. बँकेच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठेवलेत. साध्या दहा आकडी मोबाईलवरून कुणी 'बँकेतून बोलतोय' म्हणालं तर ठेवून द्या आणि स्वतः कार्डामागच्या नंबरवर करा. स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर तिथेच संभाषण संपवायचं. एनीडेस्कसारख्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं, आता तर व्हॉट्सॲपवरच स्क्रीन शेअर होतो आणि वेगळं काही टाकायलाही लागत नाही.

यातलं सगळ्यात जोरात चाललेलं म्हणजे एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंना आला तो फोन थोडा सविस्तर सांगतो, कारण बोलण्याची पद्धत कळली की पुढच्या वेळी ओळखता येते. समोरचा म्हणाला, 'मॅडम, तुमचं गॅसचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज संध्याकाळी लाईन बंद होणार.' काकू म्हणाल्या, 'अहो पण मी भरलंय.' 'हो मॅडम, भरलंय, मला दिसतंय, पण सिस्टीमला दाखवत नाहीये. मी व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतो, ती उघडून फक्त बारा रुपये भरा, अपडेट होऊन जाईल.' फाईल आली, वर गॅस कंपनीसारखाच लोगो, नाव बिल अपडेट आणि शेवटी डॉट एपीके. काकूंनी दाबलं तर फोननेच अडवलं की अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, धोक्याचं असू शकतं. काकू थांबल्या आणि त्याला तसं म्हणाल्या तर तो शांतपणे म्हणतो, 'ते येतंच मॅडम सगळ्यांना, खाली अलाऊ आहे ते दाबा, मी लाईनवर आहे.' काकूंनी फोन चालू ठेवूनच आमचं दार वाजवलं म्हणून वाचल्या.

तो लाईनवर राहतो ना, हीच त्याची युक्ती. फोन ठेवला तर तुम्ही मुलाला विचाराल, शेजारी विचाराल, दोन मिनिटं विचार कराल. त्याला बारा रुपये नको असतात. ते ॲप आत गेलं की मेसेज वाचायची परवानगी घेतं, तुमचे ओटीपी गुपचूप त्याच्याकडे पाठवतं, आणि बारा रुपये भरायच्या खोट्या पानावर तुम्ही टाकलेला कार्ड नंबर नि पिन त्याला मिळतो. गॅस झाला की लाईट बिल, रात्री साडेनऊला मीटर कापणार म्हणून. मग आरटीओचं चलन, मग लग्नाची पत्रिका, सगळं त्याच एपीकेमध्ये. लाईट बिलाची शंका आली तर बेस्ट, अदानी, टाटा पॉवर, महावितरण जे कुणी तुमचं असेल त्यांच्या छापील बिलावर ग्राहक नंबर आणि फोन नंबर दोन्ही असतात, तिथे विचारा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप नसते.

चुकून टाकलंच तर तो फोन लगेच एरोप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खात्यातले व्यवहार थांबवा. नंतर फोन पूर्ण रिसेट करून घ्या, नुसतं ॲप काढून भागत नाही कारण अशी ॲप लपून बसतात.

सीबीआय, ईडी, मुंबई पोलीस म्हणून व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला आणि तुमच्या नावाने पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही म्हणाला तर बंद करा. डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाहीच. यात निवृत्त माणसांचे आयुष्यभराचे पैसे गेलेत, सुशिक्षित, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेल्यांचे. घरातल्या ज्येष्ठांना हे समोर बसून सांगा आणि असा फोन आला तर घाबरून लपवू नका, आधी आम्हाला फोन करा असं वचन घ्या त्यांच्याकडून.

पैसे गेले तर

पहिला तास महत्त्वाचा असतो. चोरीचे पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे भराभर पळवतात आणि एटीएममधून काढतात, काढायच्या आधी कुठेतरी अडवता आले तरच परत यायची आशा. म्हणून आधी १९३० लावा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे, तिथली तक्रार पैसे जिथे गेले त्या बँकांपर्यंत जाते आणि रक्कम होल्ड होऊ शकते. लागला नाही तर परत परत लावा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला त्याच वेळी बँकेला फोन करायला सांगा, एकामागून एक करत बसू नका. हाताशी काय हवं तर खाते नंबर, किती गेले, किती वाजता, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, जो ॲपच्या हिस्ट्रीत त्या पेमेंटवर दाबलं की दिसतो. तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार भरा. चॅट, कॉल लॉग, ती फाईल काहीही पुसू नका, राग आला तरी, स्क्रीनशॉट काढा. मुंबईत सायबर पोलीस ठाणी वेगळी आहेत पण जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार घेतात, हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, मागा.

फोनच चोरीला गेला असेल तर क्रम थोडा बदलतो. शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून आधी रिमोट लॉक, मग मोबाईल कंपनीला फोन करून सिम बंद, मग बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड ब्लॉक. पैसे हलले असतील तर १९३०. लोकलमध्ये झालं असेल तर तक्रार जीआरपी म्हणजे रेल्वे पोलिसांकडे, आणि त्या तक्रारीच्या कॉपीवर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करता येतो. उगाचच बराच वेळ नेटवर्क गेलं आणि बाजूच्याला त्याच कंपनीचं येतंय असं दिसलं तर तुमच्या नावाने कुणी दुसरं सिम काढलंय का ते कंपनीला लगेच विचारा.

आता तुमचा हक्क. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमची काही चूक नसताना, म्हणजे बाहेरच्या कुठल्या गळतीमुळे पैसे गेले आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचा तोटा मर्यादित, साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार. त्यानंतर बँकेचं धोरण असेल तसं. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकालात काढायचं असतं. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे आपली चूक आहे असं वाटलं तरी, किंबहुना तेव्हा तर जास्तच, लगेच कळवायचं. घरी काय म्हणतील म्हणून लोक रात्रभर गप्प बसतात आणि त्या रात्रीत उरलेलंही जातं. तुमच्या घरात असं कुणाचं झालं तर तेव्हा ओरडू नका, आधी फोन लावा.

गेलेले पैसे काढून देतो, फक्त फी भरा म्हणणारे नंतर बरेच भेटतील, वकील, हॅकर, सायबर एक्स्पर्ट म्हणून. यातल्या कुणालाही एक रुपया द्यायचा नाही, सरकारी तक्रारीला फी नसते. आणि कॉलेजच्या मुलांना खास सांगणं, महिन्याला काही हजार देतो तुझं खातं वापरायला दे म्हणणाऱ्याला खातं, एटीएम कार्ड, सिम काही देऊ नका. चोरीचे पैसे फिरतात ते याच खात्यांमधून, आणि पोलीस आधी खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्याच दारात येतात.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर, फी नाही, आणि माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. पण ते तीस दिवस मोजायचे तर बँकेकडे केलेली तक्रार लेखी हवी, म्हणून नुसत्या फोनवर थांबू नका. त्याच दिवशी ईमेल पाठवा किंवा शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.